बोनस पाण्यात?

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की माणसं दोन प्रकारे वागतात. काही शहाणी माणसं एसआयपी वाढवतात. बाकीचे रात्री अकरानंतर शॉपिंग अ‍ॅप उघडून बसतात. माझा एक मित्र दुसऱ्या गटातला. राहणार शीव कोळीवाडा, नोकरी बीकेसीत. गेल्या दिवाळीत त्याची लिंक आली. पाण्याखालचा फिशिंग कॅमेरा, सात इंची स्क्रीन, तीस मीटर केबल, नाइट व्हिजनसाठी बारा इन्फ्रारेड एलईडी. किंमत तेवीस हजारांच्या घरात. खाली एवढंच लिहिलेलं, 'बाबांसाठी. घेऊन टाकू ना?'

गॅजेटवर लिहिते म्हटल्यावर असे मेसेज येतातच. फोन कुठला घेऊ, इअरबड्स कुठले, एअरफ्रायर खरंच लागतो का. पण मासेमारीचा कॅमेरा? माझ्यासाठीही पहिलीच वेळ.

शीव कोळीवाडा म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आठवते ती प्लेटमधली कोळंबी कोळीवाडा. (गंमत म्हणजे ती कोळ्यांची नाही, फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी मंडळींच्या हातची, असं सांगतात.) हार्बर लाइनवरच्या जीटीबी नगर स्टेशनचं जुनं नावही कोळीवाडाच. गाव जुनं आहे, पण खाडी आता दारात नाही. मध्ये रूळ आले, रस्ते आले, टॉवर आले. मित्राचे बाबा नोकरी करून रिटायर झाले आणि मग पुन्हा पाण्याकडे वळले. माहुलला त्यांच्या मावसभावाची छोटी होडी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा दोघं म्हातारे खाडीत जातात.

इथपर्यंत सगळं छानच. पण त्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी होडीच्या पंख्यात काहीतरी अडकलं. इंजिन आतलं, त्यामुळे पंखा वर उचलता येत नाही. काकांनी सुरी घेतली आणि सरळ पाण्यात उतरले. वय बासष्ट, उजेड जात आलेला, ओहोटीची ओढ. वर आले तेव्हा दंडाला कापलं होतं आणि धाप लागली होती. घरी कुणाला सांगितलं नाही, मावसभावाने सांगितलं. तेव्हापासून मित्राच्या डोक्यात एकच गोष्ट. बाबांना पाण्यात न उतरता खालचं दिसलं पाहिजे.

म्हणजे हा हौसेचा मामला नव्हताच. मी बसले अभ्यासाला.

हे कॅमेरे मुळात लोकप्रिय झाले अमेरिका-कॅनडातल्या गोठलेल्या तळ्यांवर. बर्फाला भोक पाडायचं, कॅमेरा खाली सोडायचा, वर खुर्ची टाकून स्क्रीन बघायची. तिथे बर्फाखाली अंधार असतो, पण पाणी बऱ्याचदा नितळ असतं. आपल्या खाडीत उलटं आहे. भर दुपारी वर लख्ख ऊन आणि हातभर खाली काही दिसत नाही. कारण अंधार नाही, गाळ आहे. या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि जाहिरातीत दोन्हींना एकच नाव देतात, 'लो लाइट'.

आधी नाइट व्हिजनचा फुगा फोडू. इन्फ्रारेड दिवे माशाला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते घालतात. तुमच्या बिल्डिंगच्या सीसीटीव्हीत ते मस्त चालतात, कारण तिथे मध्ये हवा असते. पाणी मात्र इन्फ्रारेड अक्षरशः पिऊन टाकतं. नेहमी वापरतात तो ८५० नॅनोमीटरचा प्रकाश अगदी स्वच्छ पाण्यातही एका मीटरच्या प्रवासात जवळपास ९८ टक्के संपतो. अर्ध्या मीटरवरचा मासा दाखवायचा तर प्रकाशाला जाऊन-येऊन मीटरभर प्रवास करावा लागतो. हिशोब करा. आणि ९४० नॅनोमीटरवाले 'अदृश्य' एलईडी असतील तर हाल त्याहून वाईट. बारा एलईडी असोत की चोवीस, फरक काही बोटांचाच पडणार.

मग पांढरा एलईडी घ्यावा? नितळ पाण्यात जरूर. पण गढूळ पाण्यात काय होतं ते लोणावळ्याला धुक्यात गाडी चालवलेल्यांना सांगायला नको. हाय बीम टाकला की समोर पांढरी भिंत. पाण्यातही तेच. लेन्सच्या भोवती गोल बसवलेले दिवे जवळच्या गाळाच्या कणांवर आपटून परत लेन्समध्येच येतात. म्हणून चांगल्या सेटअपमध्ये दिवा लेन्सपासून हातभर बाजूला आणि तिरका असतो आणि त्याचा उजेड कमी-जास्त करता येतो. मित्राने पाठवलेल्या मॉडेलमध्ये दोन्ही नव्हतं.

बॉक्सवरचं '०.०१ लक्स' वाचूनही भारावून जाऊ नका. अंदाज यावा म्हणून सांगते, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स असतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. ०.०१ म्हणजे त्याच्याही खाली. पण हा आकडा बऱ्याचदा ब्लॅक अँड व्हाइट मोडमधला असतो आणि चित्र किती खरखरीत होतं ते लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा सेन्सरचा आकार विचारा. १/१.८ इंची सेन्सरचं क्षेत्रफळ १/२.९ इंचीच्या सुमारे दुप्पट असतं. लेन्स एफ १.६ असेल तर एफ २.४ पेक्षा सव्वादोन पट उजेड आत येतो. आणि फोर-केचा मोह सोडा. तेवढ्याच सेन्सरवर दोनऐवजी आठ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पाव हिस्सा उजेड येतो. अंधारात साधा टू-मेगापिक्सेलवाला भारी पडतो तो यामुळे.

वायरलेसची तर बातच नको. वायफाय खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच गार पडतं. वायरलेस म्हणून विकतात त्यातही केबल असतेच, फक्त ती वरच्या तरंगत्या डब्यापर्यंत जाते.

एवढं सगळं फोनवर ऐकवल्यावर मित्र म्हणाला, ‘अगं, पण आपल्या खाडीत नक्की किती दिसतं?’ करेक्ट प्रश्न. आणि याला पैसे लागत नाहीत. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने पांढरी चकती पाण्यात सोडून समुद्र किती नितळ आहे ते मोजलं होतं. ती पद्धत आजही वापरतात. आम्ही प्लास्टिकची पांढरी डिश घेतली, खाली वजन बांधलं, दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारल्या आणि रविवारी माहुल गाठलं.

काका आमच्याकडे बघत होते. ‘चिखलात काय दिसनार गो?’

डिश दुसऱ्या गाठीच्या आधीच गायब. दोन वितीसुद्धा नाहीत! उन्हातसुद्धा चकती एवढ्यात दिसेनाशी होते, तिथे तेवीस हजारांचा कॅमेरा दोन मीटरवरचा मासा दाखवणार नाही.

पण खरी टिप दिली ती काकांनी. म्हणाले, आज उधाण आहे, भांगाला या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात येतं-जातं आणि तळाचा गाळ ढवळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ओढ कमी, गाळ बसतो. आम्ही पुढच्या आठवड्यात परत गेलो. डिश तिसऱ्या गाठीच्या थोडी पुढे गेली. म्हणजे पाणी तरीही गढूळच, पण एक वीत फुकटात मिळाली. कुठल्या स्पेसिफिकेशन शीटमध्ये हे लिहिलेलं नसतं.

आता प्रश्नच बदलला होता. काकांना मासा बघायचाच नव्हता! मासा कुठे आहे ते त्यांना जाळ्याच्या ताणावरून कळतं, आणि ज्यांना गढूळ पाण्यातलं लांबचं हवं त्यांच्यासाठी आवाजावर चालणारा फिशफाइंडर आहे, त्याला गाळाने फारसा फरक पडत नाही. काकांना बघायचा होता पंखा. तो एका जागी असतो, पाण्याखाली पाऊण मीटरच्या आत असतो आणि कॅमेरा त्याच्या चार बोटं जवळ नेता येतो. चार बोटांत गाळ मावून मावणार किती?

यासाठी मेकॅनिक लोक इंजिनाच्या आत डोकवायला वापरतात तो एंडोस्कोप पुरतो. बोटापेक्षा बारीक कॅमेरा, टोकाला छोटे पांढरे एलईडी, पाचेक मीटरची ताठ केबल, फोनला टाइप-सीने जोडायचा. दीड-दोन हजारांत मिळतो. फोकस तीन ते दहा सेंटीमीटरवर बसवलेला असतो, जो तळ्यातल्या माशासाठी निरुपयोगी आणि पंख्यासाठी झकास. घेताना दोन गोष्टी बघा. टोकाच्या एलईडीला डिमर हवा. आणि आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, त्याहून खोल जायचं तर आयपी ६८ घ्या आणि कंपनीने किती मीटर लिहिलंय ते वाचा. या चाचण्या गोड्या पाण्यातल्या असतात, त्यामुळे खाडीतून काढला की नळाखाली धुणं मस्ट. फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये. हे मी अनुभवाने सांगतेय, जास्त विचारू नका.

कोळीवाड्यात एलईडी हा शब्द जरा जपून वापरा, हेही तिथेच कळलं. मोठाले दिवे लावून मासे गोळा करायचे आणि जाळं टाकायचं, या प्रकारावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. छोट्या मच्छीमारांच्या तो जिव्हाळ्याचा विषय आहे. एंडोस्कोपच्या मुगाएवढ्या दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण आम्ही ‘एलईडी कॅमेरा’ म्हटल्याबरोबर शेजारच्या होडीतल्या तिघांनी माना वळवल्या होत्या.

तुम्ही वीकएंडला धरणाच्या जलाशयावर गळ टाकून बसणारे असाल, किंवा थंडीत तारकर्लीला जाऊन निवळ पाण्यात काही शूट करायचं असेल, तर मोठ्या कॅमेऱ्याचा विचार जरूर करा. सेन्सर मोठा, दिवा बाजूला, केबल लांब. फक्त आधी डिश सोडून बघा. पाच-सहा गाठी दिसत असतील तर कार्ड काढा.

मित्राने एंडोस्कोप घेतला, काठीच्या टोकाला चिकटपट्टीने बांधला. बोनसमधले एकवीस हजार वाचले, त्यातून काकांसाठी लाइफ जॅकेट आलं. ते काका घालत नाहीत.

डिसेंबरमध्ये मित्राने फोटो पाठवला. हिरवट, धूसर, पण ओळखू येईल असा. पंख्याभोवती प्लास्टिकच्या गोणीचे तीन वेढे आणि त्यात नायलॉनची दोरी. काका स्क्रीनकडे बघत थोडा वेळ गप्प बसले म्हणे. मग होडी वल्हवत काठाला आणली, ओहोटीची वाट बघितली आणि गुडघाभर चिखलात उभं राहून कोयत्याने गोणी कापून काढली.