पाच वर्षांत तीस तास, आणि माझ्या ताईची साडेतीन वर्षं

ही पोस्ट लिहावी की नाही यात दोन महिने गेले. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले कितीतरी जण ओळखीचे आहेत, काही जवळचे मित्र आहेत. एकोणीस वर्षं माझ्या घरची चूल त्यांच्या चिठ्ठीवर पेटली. मी एम.आर. होतो. नवीन जालन्यात मामा चौक असो की सुभाष रोड, बॅग घेऊन मी चढलो नाही असा दवाखान्याचा जिना क्वचितच सापडेल. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते ऐकीव नाही. त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करतो.

विषय आहे डॉक्टरांच्या शिक्षणाचा. कॉलेजातल्या नव्हे, त्यानंतरच्या. ज्याला सगळे 'सीएमई' म्हणतात.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरला दर पाच वर्षांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट जमवायचे. देशपातळीवरच्या 2002 च्या आचारसंहितेतही पाच वर्षांत तीस तास असंच आहे. आता हिशेब करा. वर्षाला सहा तास. महिन्याला अर्धा तास. आपल्या घरी रोज रात्री जी मालिका चालते तिचा एक भाग तेवढाच असतो.

बरं, तो अर्धा तास तरी कसा भरतो ते सांगतो, कारण तो भरायचं काम मी केलंय.

हॉटेलचा हॉल मी बुक करायचो. पुण्याहून नाहीतर संभाजीनगरहून मोठे डॉक्टर यायचे, त्यांची गाडी मी ठरवायचो. वेळ आठची, सुरुवात साडेनऊला. स्लाइड बहुतेक वेळा कंपनीकडूनच तयार होऊन यायच्या. पन्नास मिनिटांचं भाषण, शेवटच्या पाच-सहा स्लाइडमध्ये आमचा रेणू. ब्रँडचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण समोरच्या पॅडवर आणि पेनवर तेच छापलेलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की निम्मा हॉल जेवणाच्या रांगेत. काही जण तर सही करून थेट पनीरकडेच जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन यायचा. प्रश्न एकच, "किती आले?" काय शिकले, हे एकोणीस वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

आता ताईचं सांगतो.

ताई मंठा तालुक्यात दिलेली, अंगणवाडीत काम करते. 2019 च्या दिवाळीनंतर तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. डब्याचं झाकण लावता येईना. मग बारीक ताप. तपासलं तर विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉईड. सलाईन लागलं. ताप गेला, परत आला. परत विडाल, परत टायफॉईड. आपल्याकडे आधी कधी होऊन गेलेल्या तापामुळेही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, एकट्या त्या रिपोर्टवर भरवसा ठेवायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. नंतर चिकनगुनिया झाला असेल असं ठरलं. नंतर सांधेवात. मधे कोरोनाची दोन वर्षं, तेव्हा तर सगळंच कोरोनावर ढकललं.

केस गळायला लागले, तर म्हणे टेन्शन. तोंडात फोड आले, तर म्हणे पोट साफ नाही. उन्हात सर्वेला जाऊन आली की दोन्ही गालांवर लाली यायची, त्याला मलम. एका दवाखान्यातून एक बारीक पांढरी गोळी मिळायची. ती घेतली की चार दिवस ताई एकदम ठणठणीत. "ही गोळी लई गुणाची आहे रे," म्हणायची. ती स्टेरॉइडची होती. आजार जागेवरच होता, फक्त झाकला गेला होता. गोळी बंद झाली की, "आंग ठणकतंय रे, कामून होतंय असं?" मी औषधाच्या धंद्यातला माणूस, आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

साडेतीन वर्षांत पाच डॉक्टर झाले. शेवटी पायावर सूज आली तेव्हा दाजी तिला घेऊन संभाजीनगरला गेले. तिथे एका तरुण डॉक्टरबाईंनी फाइल चाळली आणि विचारलं, "यांची लघवी कधी तपासली होती?"

फाइल दीड इंच जाड होती. त्यात लघवीचा एकही रिपोर्ट नव्हता.

लघवीत प्रथिनं तीन प्लस निघाली. मग एएनए, मग डीएस-डीएनए, मग किडनीचा तुकडा काढून तपासणी. ल्युपस. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. दहातल्या नऊ रुग्ण बायका असतात, आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीत गाठतो. सांधे, ताप, केस, तोंडातले फोड, गालावरची लाली हे सगळं त्याच्या यादीत आहे. किडनी मात्र गुपचूप जाते, दुखत नाही, म्हणून लघवी तपासायची. आणि या आजारात जवळजवळ प्रत्येक रुग्णाला दिलं जाणारं पायाचं औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जुनं आहे आणि स्वस्त आहे. ताई आज औषधावर आहे, डायलिसिसपर्यंत गोष्ट गेली नाही. पण किडनीचा जो भाग गेला तो गेला.

त्या पाच डॉक्टरांपैकी तिघांच्या सह्या माझ्या हजेरीपत्रकांवर होत्या. त्यातल्या एका कार्यक्रमाचा विषय सांधेदुखीच होता. मीच ठेवलेला. त्या रात्री लघवीच्या तपासणीचा उल्लेख झाला नाही. वेदनाशामक गोळीचा झाला. तीच गोळी ताईने पुढे वर्षभर खाल्ली, आणि आधीच आजारी असलेल्या किडनीला अशी गोळी आणखी त्रास देते.

म्हणून डॉक्टरांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. कमेंटमध्येही ते करू नका. दिवसाला ऐंशी-शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाला वर्षातून एखादा ल्युपस भेटणार, तोही अर्धवट लक्षणं घेऊन. पहिल्या महिन्यात न ओळखणं समजू शकतो. माझा प्रश्न वेगळा आहे. ताई संभाजीनगरला जाऊन आल्यावर ही गोष्ट त्या पाच जणांपर्यंत परत आली का? नाही. त्यांना आजही माहीत नाही की आपण काय चुकलो. मग पुढची ताई आली तर ते वेगळं काय करणार? जिथे चूक परत येऊन दारात उभी राहत नाही, तिथे तीस काय, तीनशे तास बसलं तरी माणूस शिकत नाही.

आणि त्या तीस तासांत काय शिकवायचं हे ठरवतं कोण? ज्या आजारावर नवी महाग गोळी आली, त्यावर व्याख्यान होतं. लघवीच्या साध्या तपासणीवर व्याख्यान ठेवायला कोण पैसे देईल? दोघांच्या चहा-भज्यांच्या बिलात होणारी तपासणी ती! तिला प्रायोजकच नाही. गुंतागुंतीच्या आजाराला तर मुळीच नाही, कारण त्यात डॉक्टरने आधी विचार करायचा असतो, लिहायचं नंतर.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घ्यायला डॉक्टरांना 2009 पासून बंदी आहे. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही, कारण तो शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णाच्याच खिशातून जातो. 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. कंपनीने प्रायोजित केलेल्या शिक्षण कार्यक्रमाला डॉक्टरांनी जायचंच नाही, असं त्यात होतं. 23 ऑगस्टला ते नियम स्थगित झाले. एकवीस दिवस! आपल्याकडे बारशाची तयारीसुद्धा जास्त दिवस चालते. मग मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता आली. परदेशातल्या सहली बंद, पण सीएमई चालू. खर्चाचा तपशील द्या म्हणे. जालन्यातल्या कुठल्या हॉलमध्ये कुठल्या रात्री किती खर्च झाला, हे तुमच्यापैकी कुणी वाचलंय का?

दुसरीकडे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहावीत की नाही, यावरून राज्यात केवढा गदारोळ! मोर्चे झाले, बंद झाले. कुणी लिहायचं यावर भांडण. जो लिहितोय तो शिकतोय का, यावर एकही मोर्चा नाही. आणि खेड्यात नाडीला पहिला हात लावतो तो बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएसच. ताईला पहिल्यांदा बघणारेही तेच होते. त्यांना वगळून कुठलं शिक्षण करणार आहात?

"लहान जागी असंच चालायचं, मोठं काही शिकायचं तर मुंबई-पुणं." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात जन्मलंय. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा शंभरातले तीस-चाळीस दगावायचे. या माणसाने रात्ररात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, छाती यांची नोंद ठेवली. 1982 मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे जुनं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आणले. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या खाटेशेजारी कुठल्या कंपनीचा प्रोजेक्टर होता? याच डॉक्टरांनी 2013 मध्ये एका तपासणी केंद्राने पाठवलेला 1200 रुपयांचा 'कट'चा चेक परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. शिकण्याची भूक आणि असला ताठ कणा, दोन्ही एकाच माणसात असणं मला तरी योगायोग वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, असे बावस्कर एखादेच. मान्य. म्हणून सर्वसाधारण डॉक्टरांचं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात संजीव अरोरा नावाचे भारतीय वंशाचे लिव्हरतज्ज्ञ आहेत. हिपॅटायटिस सी साठी त्यांच्याकडे आठ महिन्यांची वेटिंग असायची. 2003 मध्ये त्यांनी दूरच्या गावांतल्या साध्या डॉक्टरांना व्हिडिओवर जोडलं. भाषण नाही. गावातल्या डॉक्टरने आपला पेशंट मांडायचा, सगळ्यांनी मिळून चर्चा करायची, आणि उपचार गावातल्यानेच करायचे. 2011 मध्ये निकाल छापून आला. विद्यापीठाच्या दवाखान्यात 57.5 टक्के रुग्ण बरे झाले, गावातल्या डॉक्टरांकडे 58.2 टक्के. म्हणजे गावातला डॉक्टर तज्ज्ञाइतकंच काम करतो, फक्त त्याला भाषण ऐकवण्याऐवजी त्याचाच पेशंट समोर ठेवून शिकवा.

जालन्यात हे का होऊ नये? 2024 पासून आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार होती, आता कितीतरी वाढली असेल. आठ तालुके. सळई आणि बियाणं देशभर पाठवणारं हे गाव. "जालना सोने का पालना" म्हणून आपण मिरवतो, आणि साध्या निदानासाठी साठ किलोमीटरवर पळतो.

माझ्या मागण्या अशा आहेत:

1. महिन्यातून एक संध्याकाळ, वैद्यकीय महाविद्यालयात, दोनच रुग्णांवर चर्चा. त्यातला एक उशिरा निदान झालेला असलाच पाहिजे.

2. कंपनी नको, जेवण नको, बॅग नको. चहा-बिस्किटाचा खर्च डॉक्टरांच्या वर्गणीतून नाहीतर जिल्हा नियोजन समितीतून करा.

3. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबादच्या डॉक्टरांना मोबाइलवरून जोडा. बीएएमएस, बीएचएमएस सगळ्यांना दार उघडं ठेवा.

4. वैद्यक परिषदेने अशा बैठकीलाच क्रेडिटमध्ये जास्त वजन द्यावं, आणि सहीवर क्रेडिट न देता शेवटी पाच प्रश्न विचारावेत.

5. मोठ्या दवाखान्यात निदान झालं की त्याची चिठ्ठी आधीच्या डॉक्टरांकडे परत गेली पाहिजे. दोन ओळी पुरेत.

एक भीती खरी आहे, ती टाळत नाही. एक डॉक्टर मित्र म्हणाला, "चुका बोलायला लागलो तर उद्या नातेवाईक काचा फोडतील." डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, तरी हल्ले होतात, आणि त्यात दोष आपल्या लोकांचाच आहे. म्हणून ही बैठक फक्त डॉक्टरांची असावी, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव झाकून. मला कुणाचं नाव नकोय. चूक पुन्हा होऊ नये एवढंच हवंय. आणि आपणही निदानाला वेळ मागणाऱ्या डॉक्टरला "याला काही येत नाही" म्हणायचं बंद करू या. "बघावं लागेल, मला नक्की सांगता येत नाही," असं जो म्हणतो, तोच शिकणारा असतो.

डॉक्टर मित्रांनो, माझं चुकत असेल तर खाली लिहा, मी उत्तर देईन. पटत असेल तर "मी येतो" एवढंच लिहा. वीस नावं झाली की ती यादी घेऊन मी स्वतः महाविद्यालयात जाणार आहे. हजेरीपत्रकं मी आयुष्यभर केली. हे एक तरी कामाचं होऊ द्या.

ताईला पोस्ट वाचून दाखवली. म्हणाली, "माझं नाव टाकू नको. पण त्या पाचही जणांना सांग, मला राग नाही. फक्त पुढच्या बाईची लघवी तपासा म्हणावं."