आधी कोणते संगीत नाटक पाहावे?

नाटकाचे वेड असलेल्या माणसाला तसाच दुसरा नाटकवेडा भेटला, की बोलता बोलता कधीतरी एक प्रश्न निघतोच : 'संगीत नाटक अजून पाहिलेले नाही; आधी कोणते पाहावे?' प्रश्न साधा आहे, पण उत्तर देणारे बहुधा येथेच चुकतात. विचारणाऱ्याला काय रुचेल याचा विचार न करता ते आपल्या आवडीचे नाव सांगून मोकळे होतात. कोणी 'मानापमान' सांगतो, कोणी 'स्वयंवर'. आणि पाठोपाठ बालगंधर्वांच्या गळ्याची स्तुती सुरू होते. बिचारा मित्र मोठ्या भक्तिभावाने नाट्यगृहात जातो, तिसऱ्या पदाला जांभई देतो, पाचव्या पदाला घड्याळ पाहतो आणि घरी येताना ठरवून टाकतो, की हा प्रकार काही आपल्यासाठी नव्हे. जाणत्याने प्रेमाने केलेली शिफारस अशी उलटते, आणि एक प्रेक्षक कायमचा दुरावतो.

यात दोष मित्राचा नाही. त्याने नाट्यपदे आजवर ऐकली ती बहुधा आकाशवाणीवर किंवा एखाद्या गाण्याच्या मैफलीत. तेथे पद एकटे येते. ते कोण म्हणतो, कोणाला उद्देशून म्हणतो, का म्हणतो, हे कळत नाही. साहजिकच त्याची समजूत होते, की नाटक म्हणजे पदे ओवण्यासाठी घेतलेला दोरा. वास्तविक गोष्ट उलट आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा पद्ये सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्याबरहुकूम अभिनय करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' सादर केले, तेव्हा त्यांनी ही पदे सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्रांच्या तोंडी घातली. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली! साकी, दिंडी अशा कीर्तनातून कानांवर पडलेल्या चाली त्यांनी वापरल्या, म्हणून प्रेक्षकांनाही ते गाणे परके वाटले नाही. हा फरक लहान दिसतो. परंतु संगीत नाटकाचा सारा प्राण त्यात आहे. पात्राला जे साध्या बोलण्यात सांगता येत नाही, त्यासाठी ते गाते.

तेव्हा पहिली शिफारस अशा नाटकाची असावी, की ज्यात गाणे कथेला अडवून धरीत नाही. या दृष्टीने गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळ'ची बरोबरी करणारे दुसरे नाटक सापडणे कठीण. मोलियर या फ्रेंच नाटककाराचे प्रहसन इंग्रजीच्या वाटेने देवलांच्या हाती आले, आणि त्यांनी त्याला असे मराठी रूप दिले, की त्याचे परदेशी मूळ कोणाच्या ध्यानातही येऊ नये. फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती ही नुसती नावे वाचली तरी पंचांग उघडल्याचा भास होतो. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते, आणि नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर, प्रियकर प्रेयसीवर संशय घेऊ लागतात. प्रेक्षक हसत असतानाच पद येते आणि हसत असतानाच संपते. हे नाटक संगीतरूपाने १९१६ साली रंगभूमीवर आले. तरी त्यातील भांडणे आजच्या घरांतली वाटतात.

मित्र गंभीर वृत्तीचा असेल, तर मात्र त्याला देवलांचेच 'शारदा' सांगावे. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यावयास निघतो, ही त्याची कथा. नवरदेवाच्या वयाची थट्टा करणारे पद प्रेक्षागृहाला हसविते; परंतु शारदा आपल्या मनातली भीती गाऊ लागते, तेव्हा मघाच्या हसण्याची लाज वाटते. हे नाटक १८९९ सालचे. बालविवाहास आळा घालणारा १९२९ सालचा कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो, आणि त्याचे नाव या नाटकावरून पडले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही, ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. परंतु असा गैरसमज व्हावा, इतके हे नाटक लोकांच्या मनात रुजले होते, हेही खरेच.

किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ सालचे. त्यातील देव मराठी घरांतल्या माणसांसारखे रुसतात, फसवितात आणि लग्ने जुळवितात. त्याची गोडी दुसऱ्या पायरीवर घ्यावी. पदे शंभराहून अधिक. आज ती पुष्कळ गाळून प्रयोग होतात. काही जुन्या रसिकांना हे पाप वाटते. तथापि 'वन्समोर'च्या आरोळ्यांनी पहाटेपर्यंत लांबणारे नाटक पाहण्याची सवड आता कोणाला आहे? चार पदे कमी ऐकून माणूस पुन्हा नाटकाला येणार असेल, तर तो सौदा वाईट नव्हे.

ज्याला गाण्याचा थोडाफार कान आहे, त्याला पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' सुचवावे. ते १९६७ साली आले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब यांमुळे ते गाजले. येथे दोन घराण्यांच्या गायकीचेच भांडण असल्यामुळे गाणे हीच घटना होते. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला. तो पाहिलेल्या माणसाने नाटक पाहण्याचे टाळू नये. समोर बसलेल्या तबलजीकडे पाहत गायक समेवर येतो, तो क्षण पडद्यावर मिळत नाही.

मग 'मानापमान' केव्हा? शेवटी, आणि सावकाश. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी त्याचा संयुक्त प्रयोग केला, त्याच्या आठवणी मराठी माणसे पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिली. परंतु ही ऐकीव आठवण नव्या प्रेक्षकाच्या उपयोगी पडत नाही. त्याला आधी एखादे नाटक स्वतःचे असावे लागते.

राहता राहिला प्रश्न प्रयोग मिळण्याचा. मोठ्या शहरांत संगीत नाटकाची जाहिरात क्वचित दिसते, म्हणून ते संपले असे म्हणण्याची घाई करू नये. राज्य शासनाच्या नाट्यस्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग असतो. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावकरी मंडळी ही नाटके बसवितात. दिवसा दुकान किंवा शाळा सांभाळणारा माणूस रात्री फाल्गुनराव होऊन उभा राहतो. अशा ठिकाणी मित्राला घेऊन जावे, शक्यतो पुढच्या रांगेत बसावे, आणि नांदी सुरू होण्यापूर्वी कथा मात्र सांगू नये.