यंत्रे आली, राखीव जागांचे काय?

कृषी उच्च शिक्षण सुधारण्यासाठी केंद्राने जागतिक बँकेच्या साथीने २०१७-१८ पासून ११०० कोटींचा राष्ट्रीय प्रकल्प राबविला. निम्मा पैसा बँकेचे कर्ज. त्यातून परभणीला ड्रोन-रोबोटचे, राहुरीला हवामान-अनुकूल शेतीचे केंद्र मिळाले. स्वागतच आहे. पण यंत्र शिकवत नाही, प्राध्यापक शिकवतो. राखीव प्राध्यापकपदे किती भरली, हा हिशेब अनुदान देतानाच का मागू नये? लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९१८ सालीच प्रबंध लिहिला. त्यांच्या समाजात बहुतेकांच्या नावे आजही सातबारा नाही. भूमिहीनाच्या लेकराला शेतीच्या व्यवस्थेत शिरायला पदवी आणि नोकरी हीच वाट आहे. बांधवांनो, राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या बिंदुनामावल्या माहिती अधिकारात मागा. कर्ज सर्वांच्या डोक्यावर, मग वाटाही सर्वांना हवा!