दोन किल्ल्या

यंदा १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटून झाला आणि आम्ही शिक्षिका चहाला बसलो. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "तुमचं बाई बरं आहे. मिस्टर मिलिटरीत. सरकारी क्वार्टर, कॅन्टीनचं सामान. घराची म्हणून काही चिंता नाही!"

त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. मीही हसून चहा घेतला. पण घरी येताना वाटलं, त्यांचं बोलणं अर्धंच खरं आहे. आज त्या दोन्ही अर्ध्यांबद्दल तुमच्याशी बोलायचंय. तुमच्यापैकी कितीजणींचे 'हे' सैन्यात असतील, काहींचे पोलिसात, रेल्वेत, बँकेत. बदलीची नोकरी आणि सरकारी घर ज्यांच्या वाट्याला आलंय, त्या सगळ्यांनाच हे लागू पडेल.

आधी खऱ्या अर्ध्याबद्दल. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली. तेवढ्यात सहा घरं झाली. माझ्या धाकटीचा जन्म झाला तेव्हा हे सीमेवर होते, सासूबाई साताऱ्याला आणि मी दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाइतकी लांब. रात्री दोनला पोटात कळा सुरू झाल्या. भिंतीवर थाप मारली, तशी शेजारची गढवाली भाभी धावत आली. तिनं युनिटमध्ये फोन केला, गाडी आली, मिलिटरी हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. आमच्या मोठ्याला त्या रात्री एका तमिळ बहिणीनं इडली भरवून झोपवलं. दोघींच्याही भाषा मला धड येत नव्हत्या. त्या दिवसापासून 'देश' हा शब्द नकाशासारखा दिसत नाही मला. त्या दोघींचे चेहरे दिसतात. आमचं अन्न, औषध, मुलांची शाळा ह्या देशानं सांभाळली. हे उपकार बोलून फिटणारे नाहीत. तेव्हा कुणी कौतुकानं "तुमचा त्याग मोठा" म्हणालं की मला अवघडायला होतं. आम्ही दिलं तसं घेतलंही आहे.

आता दुसरं अर्ध.

क्वार्टर म्हणजे उसनं आणलेलं भांडं. वापरायचं, घासूनपुसून परत करायचं. राहायला जाताना माणूस येऊन नळ, पंखे, दिव्यांची बटणं, खिडक्यांच्या काचा मोजून कागदावर सही घेतो. सोडताना पुन्हा मोजतो. ह्याला आमच्यात 'मार्चिंग इन' आणि 'मार्चिंग आऊट' म्हणतात. भिंतीला खिळा मारायचा तरी दहादा विचार. शिवाय ह्यांची नेमणूक पुढच्या भागात झाली की कुटुंबाला बरोबर नेता येत नाही. मग कुणी माहेरी, कुणी सासरी, कुणी माझ्यासारखी भाड्याच्या दोन खोल्यांत.

आणि निवृत्ती! ऑफिसातला माणूस साठाव्या वर्षी घरी येतो. हवालदार चोविसेक वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या पुढेमागे घरी येतो. मुलं तेव्हा आठवी-दहावीत असतात. म्हणजे खर्च वाढायच्या वेळी पगार थांबतो आणि क्वार्टरची किल्लीही परत जाते. हे माहीत सगळ्यांना असतं, पण "बघू की, अजून वेळ आहे" म्हणत वर्षं निघून जातात. आमचीही गेली.

आमचे डोळे उघडले ते शेजारच्या एका वहिनीमुळे. तिचे यजमान डोंगरातल्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेले. पेन्शन, विमा, सगळं व्यवस्थित मिळालं. युनिटची माणसं भावासारखी पाठीशी उभी राहिली. क्वार्टर काही काळ ठेवू दिलं, पण कधीतरी ते सोडायचंच होतं. तेव्हा विषय निघाला गावाकडच्या जागेचा. दहा वर्षं पगारातून पैसे पाठवून त्यांनी जागा घेतली होती, वर दोन खोल्या चढवल्या होत्या. पण खरेदीच्या वेळी यजमानांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून खरेदीखत दिराच्या नावावर झालं होतं. "आपलंच आहे, नंतर करून घेऊ." ते नंतर कधी आलंच नाही. दीर वाईट नव्हता. पण त्यालाही बायको होती, मुलं होती. वहिनी ट्रंका भरताना मला एवढंच म्हणाली, "पैसे आमचे होते गं, कागद नव्हता."

मी ते ह्यांना फोनवर सांगितलं. खूप वेळ हे काही बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीत आल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "अगं, घर बघायला लागू. तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ."

"माझ्या कशाला? दोघांच्या नावावर घेऊ की."

"बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे."

ते खरंच होतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या, किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. मी म्हटलं, "बरं, एक टक्का म्हणजे थोडा नाही." हे भाताकडे बघत राहिले, मी आमटी वाढली. टक्क्याच्या मागे काय आहे ते दोघांनाही कळत होतं. आम्ही टक्क्याचंच बोललो.

तर अशी सुरुवात झाली. आणि पहिल्याच पायरीवर मी घसरणार होते.

एका बिल्डरचं पत्रक आलं. वर तिरंगा, खाली 'जवान बांधवांसाठी खास सवलत'. ऑफिसात गेले तर माणसानं उठून नमस्कार केला, "तुमच्यामुळे आम्ही सुखानं झोपतो, वहिनी" म्हणाला. माझा ऊर भरून आला. अठ्ठावीस लाखांचा फ्लॅट, चार लाख आठ दिवसांत भरायचे, करारनामा मागाहून. मी चेकबुक काढायच्याच बेतात होते. मामंजींनी विचारलं, "चार लाखांची पावती कशाची देणार?" मला उत्तर देता येईना.

मग बसून वाचलं. रेरा कायदा २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. त्यानुसार नोंदणी झालेला करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. अठ्ठावीस लाखांचे दहा टक्के दोन लाख ऐंशी हजार. हा चार मागत होता. महारेराच्या संकेतस्थळावर त्या योजनेचा क्रमांक घालून पाहिलं, तर घरं ताब्यात द्यायची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. मैत्रिणींनो, त्या दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की केली. आपल्या माणसाच्या वर्दीबद्दल कुणी आदरानं बोललं तर हात जोडून आभार मानावेत, पण सही कागद वाचूनच करावी.

घर घ्यायला आपण तयार आहोत का, हे कसं ओळखावं? आम्ही वहीत चार प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून पाहा.

पहिला: हातात किती आहे? बँक सगळी किंमत देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ऐंशी टक्क्यांपर्यंत. बाकीचे आपले. त्याशिवाय मुद्रांक शुल्क, आणि नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. वकील, किरकोळ दुरुस्ती हे वेगळंच. आणि हे सगळं देऊन सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहिला पाहिजे. तो उरत नसेल तर अजून तयारी झाली नाही असं समजावं.

दुसरा: हप्ता पेन्शनमधून जाईल का? हा आम्हा फौजी बायकांचा खास प्रश्न. पेन्शन पगाराच्या साधारण निम्मं. त्यातला काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, तर महिन्याला हातात आणखी कमी येतं आणि तो भाग परत मिळायला पंधरा वर्षं लागतात. हिशेब आजच्या पगारावर मांडलात तर फसाल. वीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सतरा हजार साडेतीनशेच्या आसपास येतो. पंधरा वर्षांसाठी घेतलं, तर एकोणीस हजार सातशे. महिन्याला दोन-अडीच हजार जास्त, पण एकूण सहा लाखांहून जास्त वाचतात. आम्ही पंधरा वर्षांचं घेतलं आणि निवृत्तीच्या एकरकमी पैशातून काही भाग आधीच फेडायचं ठरवलंय.

तिसरा: राहायचं कुठे? जिथे आज नेमणूक आहे तिथे स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. मुलांचं कॉलेज, म्हातारी माणसं, निवृत्त सैनिकांचा दवाखाना आणि कॅन्टीन किती लांब, हे बघा. १९७८ मध्ये सुरू झालेली सैन्याची गृहनिर्माण संस्था ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते; तिथेही चौकशी करा. सैन्याच्या ग्रुप इन्शुरन्स फंडातूनही घरासाठी कर्ज मिळतं. युनिटच्या ऑफिसात विचारायला लाजू नका.

चौथा: कागद कुणाच्या हातात आहेत? नव्या घराला रेरा क्रमांक, मंजूर नकाशा, जमिनीचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका. जुन्या घराला आधीच्या मालकाचा नोंदणी झालेला करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं येणं नसल्याचा दाखला. तीस वर्षांची मालकी वकिलाकडून तपासून घ्या, त्या फीमध्ये काटकसर नको. घर दोघांच्या नावावर घेणार असाल आणि हे सुट्टीवर येऊ शकत नसतील, तर मुखत्यारपत्र लागतं. पण ते देणारा माणूस असेपर्यंतच चालतं हे ध्यानात ठेवा. सोसायटीत वारस म्हणून नाव लावलं की घर त्याचं झालं, असंही नसतं. त्यासाठी मृत्युपत्र हवं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

बाईच्या एकटीच्या नावाची दुसरी बाजूही सांगते. कर्जात माझ्याबरोबर ह्यांचंही नाव आहे, कारण माझ्या अर्धवेळ पगारावर बँक कर्ज देईना. पण ते मालक नाहीत, म्हणून जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट त्यांना घेता येत नाही. तुमच्या घरी कोणता हिशेब फायद्याचा, तो मांडून बघा.

चारांपैकी एकाचंही उत्तर अडलं तर थांबा. "भाडं म्हणजे पाण्यात पैसा" असं सगळे म्हणतात. न झेपणाऱ्या हप्त्यापेक्षा झेपणारं भाडं बरं. आमचीच दोन वर्षं थांबण्यात गेली आणि त्या दोन वर्षांत प्रॉव्हिडंट फंडात भर पडली.

शेवटी सव्वीस लाखांना तिसऱ्या मजल्यावरचं जुनं घर मिळालं. सोळा लाख कर्ज, हप्ता पावणेसोळा हजार. बाईच्या नावामुळे मुद्रांक शुल्कात सव्वीस हजार वाचले. त्यातून स्वयंपाकघराचा ओटा नवा केला.

हे सुट्टीवर आले त्या दिवशी मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्याकडे दिली. "मालकीण तू. तू उघड." आत गेलो. सवयीनं मी वही काढली आणि नळ मोजायला लागले. पाच नळ, चार पंखे, एक काच तडकलेली. हे दारात उभे राहून हसले, "आता कुणाला दाखवणार आहेस ती यादी?" तेवढ्यात मुलगा हातोडी घेऊन आला. विचारायला लागला, "आई, भिंतीत खिळा मारला तर चालेल?"

"मार," म्हटलं.

पहिल्या खिळ्यावर ह्यांच्या पलटणीचा फोटो लागलाय. त्या माणसांच्या जिवावर आम्ही इतकी वर्षं उसन्या घरांत निर्धास्त झोपलो. आता आपल्या घरातही त्यांच्याच नजरेखाली झोपतो. आणखी तीन वर्षांनी हे कायमचे घरी येतील, तेव्हा शेवटच्या क्वार्टरची किल्ली आम्ही नळ-पंखे मोजून, दिवे पुसून आभारानं परत करू. दुसरी किल्ली आतापासूनच माझ्या पदराला आहे.

आज संध्याकाळी वही घ्या आणि चारही प्रश्न मांडा. चौथ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. कपाट उघडा, आपल्या घराचे कागद कुठे आहेत आणि त्यांवर नाव कुणाचं आहे, एवढं तरी आज पाहून ठेवा.