रिमोटची लिपी एकच का नको?

माजिवड्यात आमच्या शेजारच्या आजींना टीव्हीचा एक आणि सेट-टॉप बॉक्सचा एक, असे दोन रिमोट सांभाळावे लागत. म्हणून एकच सर्वोपयोगी रिमोट आणला. पण तो जुळवण्यात पाऊण तास गेला!

मित्रांनो, बहुतेक रिमोट सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या तुकड्यांनी बोलतात. लिपी मात्र कंपनीगणिक निराळी. हे काही अटळ नव्हते. फिलिप्सच्या 'आरसी-५' संकेतात ३२ पत्ते आणि प्रत्येक पत्त्याला ६४ आज्ञांची सोय होती. युरोपातल्या इतर कंपन्यांनीही तो वापरला. निदान संकेताचे नाव तरी संचाच्या पाठीवर छापावे!

ते नव्हते, म्हणून रिमोट एकेक संकेत पाठवत राहिला. अखेर टीव्ही बंद पडला. जुळल्याची खूण तीच; पण आजींची मालिका ऐन रंगात आली होती.