किडे कोंबडीला, अंडं लेकराला



प्रथिनांसाठी किडे खावेत, असं सांगणारा लेख आपल्या अंकात आला. त्यावर ‘शी, हे काय माणसाचं खाणं?’ अशा अर्थाची पत्रंही आली. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून लिहिते.

नाक मुरडणाऱ्यांना आधी सांगते. गडचिरोलीचे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी चवीनं खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपणही बाजारातून सुकट नि जवळा मापानं आणतोच की. कोळंबी आणि जवळा हे किड्यांचेच भाऊबंद. नातं इतकं जवळचं, की ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याला नाकतोडाही बाधू शकतो. मग आदिवासींच्या ताटाकडं बघून शी म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

पण लेखात किडे हे गरिबांच्या कुपोषणावरचं औषध ठरवलंय, ते मला मान्य नाही. जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या खाण्यात किडे आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ साली सांगितलं. सिंगापूरनं २०२४ मध्ये १६ जातींना परवानगी दिली. ठीक आहे. आमच्या हदगाव तालुक्यात ते आणायचे कुठून? शेतातून? सोयाबीन नि कपाशीवर फवाऱ्यावर फवारे चालू असतात. २०१७ साली पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या औषधाखालचा नाकतोडा मी लेकराच्या ताटात वाढू? आणि कारखान्यात वाढवलेल्या किड्यांची भुकटी विकत आणायची, तर ती रोजंदारीवाल्याच्या खिशाला झेपणारी नाही.

पहिल्या पावसाच्या रात्री दिव्याभोवती पंखाच्या वाळव्यांचा खच पडायचा. सकाळी माझ्या सासूबाई आधी खुराडं उघडायच्या, मग झाडू हातात घ्यायच्या. तोवर कोंबड्यांनी अंगण साफ केलेलं असायचं आणि अंडी घरातल्या पोरांच्या पोटात जायची. माझं म्हणणं एवढंच आहे. आता ओल्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या वाढवून त्या कोंबड्यांना नि माशांना खाऊ घालण्याचा धंदा उभा राहिलाय. बचत गटांना तो शिकवा, त्यासाठी कर्ज द्या. आमच्या सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ते मोंढ्यावर जातं, तेल निघतं नि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आमच्याच रानातलं प्रथिन अंड्यात उतरतं. ते अंडं आमच्या लेकराला का मिळू नये?

राज्यात पाच वर्षांखालच्या मुलांत शंभरातली पस्तीस वयाच्या मानानं खुजी आहेत, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. वर्गणी मागायची कुणाकडं? ज्यांची पोरं शाळेत जेवतात, त्या आया सोयाबीन काढायला नि कापूस वेचायला जातात. एका आईनं बैठकीत विचारलं, ‘ताई, मजुरी बुडवून बैठकीला आले, आता अंड्याचे पैसेबी मीच देऊ का?’ मला उत्तर देता आलं नाही.

एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ते पोरांच्या तोंडचं आहे, ओळखीचं आहे, आणि शाळेच्या चुलीवर उकडता येतं. अंड्यांचा निधी शासनानं पुन्हा चालू करावा, आणि आठवड्याला एकाऐवजी दोन द्यावीत. ती गावातल्याच बचत गटांकडून घ्यावीत, म्हणजे पैसा गावात राहील.

— एक पालक, हदगाव (जि. नांदेड)