मलबार हिलच्या विधवा आणि आमच्या बडनेऱ्याची सही

रहस्यकथा वाचणं हा माझा जुना नाद. संस्थेतल्या मैत्रिणी यावरून मला चिडवतात. दिवसभर सल्ला केंद्रात मारहाण, पोटगी, दारू ऐकायची आणि रात्री पुन्हा खून वाचायचे, तुला कंटाळा कसा येत नाही गं? मी हसून सोडून देते. पण मागच्या उन्हाळ्यात वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण ते वाचत असतानाच केंद्रात एक केस आली आणि मग दोन्ही गोष्टी डोक्यातून वेगळ्या होईनात.

लेखिकेचं नाव सुजाता मॅसी. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म इंग्लंडमधला, राहते अमेरिकेत. गुंतागुंतीच्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांसाठी ती ओळखली जाते. २०१८ साली तिची 'अ मर्डर ऑन मलबार हिल' आली (अमेरिकेत हीच कादंबरी 'द विडोज ऑफ मलबार हिल' या नावाने आहे). काळ १९२१ चा, शहर मुंबई. नायिका परवीन मिस्त्री, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली पारशी तरुणी, वडिलांच्या कचेरीत काम करते. कोर्टात उभं राहण्याची तिला परवानगी नाही, कारण ती बाई आहे! बायकांना वकिलीचं दार उघडणारा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला.

परवीन अगदीच हवेतून आलेली नाही. तिच्या मागे दोन खऱ्या बायका आहेत. एक कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ साली आपल्या नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री, आणि त्या विद्यापीठाने बायकांना पदवी द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये! दुसरी मिठन टाटा, लग्नानंतरची मिठन लाम, मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री. कॉर्नेलियाबाईंच्या राजकारणाबद्दल माझं प्रेम नाही. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या आणि गांधींच्या विरोधातल्या. पण १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांची सल्लागार म्हणून त्यांनी जे काम केलं, ते आज आम्ही करतो त्याच जातीचं होतं. पुरुष वकिलाला जिथे पाऊल टाकता येत नाही अशा घरात जाऊन बाईला विचारायचं, बाई, हा कागद तू वाचलास का?

कादंबरीचं रहस्यही इथूनच सुरू होतं. एक गिरणीमालक वारतो. मागे तीन बायका, तिघीही पडद्यात. त्यांचा कारभारी परवीनच्या वडिलांकडे पत्र पाठवतो की तिघीही आपली मेहेर कौटुंबिक वक्फला देऊन टाकायला तयार आहेत. खाली सह्या. परवीनला त्या सह्यांचीच शंका येते. एकीने तर नुसती फुली मारलेली. जिला लिहिता येत नाही तिला कागद वाचता आला असेल का? खून त्यानंतर होतो. कुणाचा आणि कुणी केला ते सांगत नाही, ज्यांना वाचायचं आहे त्यांची मजा कशाला घालवू? मला महत्त्वाचं वाटलं ते हे की, लेखिकेने पहिला गुन्हा सुऱ्याचा नाही, सहीचा दाखवला.

आता आमची केस. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतली एक बाई, वय तिशीच्या आत, दहावी पास, दोन लेकरं. नवरा अपघातात गेला. तेरवी होऊन महिना झाला नाही तोच मोठा दीर तिला गाडीवर बसवून नोंदणीच्या कचेरीत घेऊन गेला. "वारसाची नोंद करायची आहे," म्हणाला. फोटो निघाला, अंगठ्याचे ठसे झाले, सह्या झाल्या. साहेबांनी विचारलं, मान्य आहे ना? ती हो म्हणाली. तो कागद हक्कसोडपत्र होता. तीन एकर कोरडवाहूतला तिचा आणि म्हणून पुढे लेकरांचा वाटा संपला. हे तिला कळलं सातबाऱ्याचा उतारा काढायला गेल्यावर.

मी विचारलं, न वाचता सही कशी गं केलीस? ती म्हणाली, "ताई, मले सही येते ना. मंग मी इतक्या लोकायसमोर वाचत काऊन बसू? दिरावर भरोसा नाई असं दिसलं असतं."

मला पुढे काही विचारता आलं नाही.

कायद्यात एक गंमत आहे, गंमत म्हणायची म्हणून. पडदानशीन बाईने सही केलेला कागद कोर्टात आला, तर तिला तो समजला होता, तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी कागदाचा फायदा घेणाऱ्यावर असते. इंग्रजांच्या काळापासूनचं हे तत्त्व. पुढे कोर्टांनी ते निरक्षर बायांनाही लावलं. पण आमची बाई पडद्यात नाही आणि निरक्षरही नाही. ती दहावी पास आहे, बाजारहाट करते, बँकेत जाते. म्हणजे फसवणूक झाली हे आता तिनेच सिद्ध करायचं! डोक्यावरून पदर न ढळू देता मान खाली घालून बसलेल्या त्या महिनाभराच्या विधवेवर कुठला पडदा होता, ते कायद्याला दिसत नाही.

आणि यात आपलाही वाटा आहे मैत्रिणींनो. साक्षरता अभियानात आपणच 'अंगठा नको, सही करा' म्हणून गावोगाव फिरलो, सही शिकलेल्या बाईसाठी टाळ्या वाजवल्या. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही अशा वर्गांचे अहवाल लिहिले आहेत. सही कुठे करायची नाही, कागद घरी नेऊन दोन दिवसांनी देते असं म्हणायचं कसं, हे एकाही वर्गात शिकवल्याचं मला आठवत नाही.

मॅसीच्या लिखाणात मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. परवीनला घरची मोटार आहे, कायदेपंडित बाप पाठीशी आहे. रहस्यकथेला शेवटी एक खुनी लागतो, तो सापडला की वाचक सुटतो. आमच्याकडे दीर, सासू, गावातला लिहून देणारा, दोन साक्षीदार, आणि "आता कशाला भांडतेस, लेकरांना काका लागेल," म्हणणारी खुद्द तिची आई, यांतला खुनी कोण? पण लेखिका आपल्या नायिकेलाही सोडत नाही. परवीनचं स्वतःचं लग्न कलकत्त्याला झालं, पाळीच्या दिवसांत कोंडून ठेवलं गेलं, मारहाण झाली. तरी १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात तिला घटस्फोट मिळत नाही. नवऱ्याचे संबंध वेश्यांशी, ते कायद्याला पुरेसे नाहीत. फक्त वेगळं राहण्याची मुभा. हा कायदा १९३६ साली बदलला. पुढे 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस' या २०२३ च्या कादंबरीत गर्भपाताच्या आरोपावरून एका आयाला अटक होते. त्या कायद्याने बाईलाच आरोपी केलं होतं, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते कलम आहेच. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून वाचावं तर असं मधेच अडखळायला होतं.

कागद रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षांची, फसवणूक कळल्यापासून. समोरचा वकील म्हणणार, सही केली त्याच दिवशी कळलं. सही होऊन दोन वर्षं सात महिने झाले आहेत. म्हणून त्यांचंच म्हणणं खरं धरून आम्ही दिवस मोजतो आहोत. तिने दस्ताची नक्कल काढली आहे, अमरावतीच्या एका वकील ताईंनी फी न घेता दावा लिहायला घेतला आहे. परवा नकलेवरची आपली सही ती बराच वेळ बघत होती. "अक्षर चांगलं हाय न माह्यं?" म्हणाली. मी हो म्हटलं आणि वकालतनामा तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वीस मिनिटं लागली.